टेक कंपनी म्हणायचं कुणाला? घोडं कुठे पेंड खातं ते बघा

माझ्या आधीच्या कंपनीत दर तीन महिन्यांनी सगळ्यांची एकत्र मीटिंग व्हायची आणि पहिल्याच स्लाइडवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असायचं की आपण आधी टेक कंपनी आहोत, बाकी सगळं नंतर. कंपनीचं काम होतं लोकांच्या घरी सामान पोचवायचं. गोदामं होती, गाड्या होत्या, पोचवणारी माणसं होती, आणि कुठली गाडी कुठल्या रस्त्याने किती वाजता जाणार हे ठरवणारं सॉफ्टवेअर आम्ही दहाबारा जण लिहायचो. ती स्लाइड बघून मला खरंच भारी वाटायचं. हा सगळा पसारा आपल्या कोडवर चालतो, आपण नसतो तर हे चाललंच नसतं, असं अगदी मनापासून वाटायचं.

मग दोन दिवस असे आले की ते वाटणं हललं. पहिल्या दिवशी आमचे सर्व्हर सकाळी बसले ते दुपारपर्यंत उठलेच नाहीत. आम्ही घामाघूम. पण गोदामातल्या सुपरवायझरांनी आदल्या दिवशीच्या याद्यांचे प्रिंट काढले, मार्करने त्यावर खुणा केल्या, फोनाफोनी केली आणि रात्रीपर्यंत बहुतेक सामान पोचलं, उशिरा पोचलं, चुकत माकत पोचलं, पण पोचलं. दुसरा दिवस काही महिन्यांनी आला. पोचवणाऱ्या मुलांचे दर कमी केले होते म्हणून ती कामावर आलीच नाहीत. त्या दिवशी आमचा डॅशबोर्ड सकाळपासून रात्रीपर्यंत हिरवागार होता, एकही एरर नाही, रूट झकास बनत होते, आणि एकही पार्सल गोदामाबाहेर गेलं नाही.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात बसलाय. एखादा धंदा टेक कंपनी आहे असं कधी म्हणायचं? माझं उत्तर गेल्या तीनचार वर्षांत दोनदा बदललं म्हणून सगळं सविस्तर लिहून काढतेय.

पहिलं उत्तर त्या दोन दिवसांतूनच आलं. जे बंद पडल्यावर धंदा बंद पडतो ते त्या धंद्याचं खरं काम. सर्व्हर पडूनही सामान पोचलं, माणसं नाही आली तर नाही पोचलं, म्हणजे आम्ही सामान पोचवणारी कंपनी, विषय संपला. हे उत्तर मी बरेच दिवस सगळ्यांना ठणकावून सांगत होते. मग १९ जुलै २०२४ उजाडला. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीने एक सदोष अपडेट पाठवला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे जगभरातले ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बसले. हॉस्पिटलं अडकली, बँका अडकल्या, विमानं तर हजारोंनी रद्द झाली, डेल्टा एअरलाइन्सला सावरायला कितीतरी दिवस लागले. माझ्या हिशोबाने मग विमान कंपनी आणि हॉस्पिटल दोन्ही टेक कंपन्या झाल्या, कारण कॉम्प्युटर बंद म्हणजे काम बंद! पण तसं तर वीज गेल्यावरही सगळं बंद पडतं आणि म्हणून कुणी स्वतःला वीज कंपनी म्हणवत नाही. आज सॉफ्टवेअरशिवाय चालणारा मोठा धंदा शोधून सापडणार नाही. त्यामुळे टेक्नॉलॉजी वापरणं, अगदी तिच्यावर जीव अवलंबून असणं, हेही पुरेसं नाहीये.

मग मी बघायला गेले की ज्यांचं कामच कंपन्यांचे गट पाडायचं आहे ते काय करतात. शेअर बाजारात जगभर वापरली जाणारी एक पद्धत आहे, जीआयसीएस नावाची, एमएससीआय आणि एस अँड पी या शेअर बाजाराचे निर्देशांक काढणाऱ्या दोन कंपन्यांनी मिळून १९९९ मध्ये सुरू केलेली. आज तिच्यात अकरा सेक्टर आहेत आणि त्यातला एक इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी. त्यात ॲपल आहे, मायक्रोसॉफ्ट आहे, एनव्हिडिया आहे. ॲमेझॉन नाहीये. ॲमेझॉन आणि टेस्ला दोन्ही कन्झ्युमर डिस्क्रिशनरीमध्ये, म्हणजे लोक हात सैल असताना ज्यावर खर्च करतात त्या गटात. गुगलवाली अल्फाबेट आणि फेसबुक आधी आयटीत होत्या, सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांना उचलून कम्युनिकेशन सर्व्हिसेसमध्ये टाकलं, आणि नेटफ्लिक्सही तिथेच येऊन बसली. व्हिसा, मास्टरकार्ड आणि पेपाल मार्च २०२३ पर्यंत आयटी होत्या, मग फायनान्शियल्स झाल्या. त्या रात्री या कंपन्यांमध्ये काहीही बदललं नव्हतं, तेच लोक, तेच कोड, तेच गिऱ्हाईक.

ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेची पद्धत वेगळी, तिथे एखादा उद्योग आपल्या उत्पादनाच्या मानाने संशोधनावर किती खर्च करतो ते बघतात. त्या मापाने औषधनिर्मिती आणि विमानं बनवणं हे एकदम वरच्या, हाय टेक्नॉलॉजी गटात येतात. मला हे माप मनापासून पटतं खरं तर. नवीन रेणू शोधून, वर्षानुवर्षं चाचण्या करून औषध बाजारात आणणं याहून जास्त टेक्नॉलॉजी ती काय असणार? पण बोलताना आपण औषध कंपनीला टेक कंपनी म्हणत नाही, आणि ॲपवरून गाडी मागवून देणाऱ्या कंपनीला मात्र पटकन म्हणून टाकतो. म्हणजे रोजच्या बोलण्यात टेक या शब्दाचा अर्थ आक्रसून कॉम्प्युटर, सॉफ्टवेअर आणि इंटरनेट एवढाच उरलाय.

या शब्दासाठी एवढी ओढाताण का, याचं पहिलं कारण सरळ आहे, पैसा. पाटी बदलली की भाव बदलतो. १९६० च्या आसपास अमेरिकेत कंपन्यांच्या नावाला ट्रॉनिक्स जोडायची लाट होती, इलेक्ट्रॉनिक्सशी संबंध असो नसो. नंतर डॉट कॉमची लाट आली. त्यावर कूपर, दिमित्रोव आणि राऊ या तीन अभ्यासकांनी २००१ मध्ये पेपर छापला, १९९८-९९ मध्ये ज्या कंपन्यांनी नाव बदलून डॉट कॉम केलं त्यांचे शेअर बघितले, तर घोषणेच्या आगेमागे दहा दिवसांत बाजाराच्या तुलनेत सरासरी ७४ टक्के वाढले होते. आणि कंपनीचा इंटरनेटशी खरोखर किती संबंध आहे याने त्यात फारसा फरक पडत नव्हता! डिसेंबर २०१७ मध्ये लाँग आयलंड आइस्ड टी नावाच्या शीतपेय कंपनीने नाव बदलून लाँग ब्लॉकचेन केलं, ब्लॉकचेन म्हणजे बिटकॉइनच्या मागचं तंत्र, आणि त्या दिवशी शेअर जवळजवळ तिप्पट झाला. पुढच्या वर्षी नॅसडॅक या अमेरिकेतल्या शेअर बाजाराने तिला यादीतून काढलं.

पण सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण मला वीवर्कचं वाटतं, ते जरा नीट सांगते. २०१० मध्ये सुरू झालेली कंपनी. काम असं की मोठ्या इमारतींमधले मजले दहापंधरा वर्षांच्या कराराने भाड्याने घ्यायचे, छान सजवायचे, आणि तिथली टेबलं महिन्याच्या हिशोबाने छोट्या कंपन्यांना द्यायची. जानेवारी २०१९ मध्ये सॉफ्टबँक या जपानी गुंतवणूकदार कंपनीने पैसे घातले तेव्हा तिची किंमत धरली गेली ४७ अब्ज डॉलर. त्याच ऑगस्टमध्ये शेअर बाजारात यायचं म्हणून तिने कागदपत्रं जाहीर केली आणि त्यात टेक्नॉलॉजी हा शब्द शंभरहून जास्त वेळा आला होता. त्याच कागदपत्रांत अजून एक आकडा होता, पुढच्या अनेक वर्षांत इमारतींच्या मालकांना द्यायचं कबूल केलेलं भाडं, तेही ४७ अब्ज डॉलर. हे दोन आकडे शेजारी ठेवून मी बराच वेळ बघत बसले होते. २०१८ चं उत्पन्न १.८ अब्ज आणि तोटा त्याहून जास्त, १.९ अब्ज. आणि नेमकं हेच काम १९८९ पासून करणारी रीजस म्हणजे आताची आयडब्ल्यूजी, तिची तीन हजारांहून जास्त ठिकाणं होती, वीवर्कची ५२८, तरी आयडब्ल्यूजीची बाजारातली किंमत वीवर्कच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. एकीच्या दारावर टेकची पाटी होती, दुसरीच्या नव्हती. सप्टेंबर २०१९ मध्ये वीवर्कने बाजारात यायचं रद्द केलं, २०२१ मध्ये कशीबशी आली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली.

वीवर्कवरून मला माझं दुसरं उत्तर सापडलं, निदान तेव्हा सापडलं असं वाटलं. गिऱ्हाईक दुप्पट झालं की धंद्यात अजून काय काय दुप्पट करावं लागतं ते बघा. सॉफ्टवेअर एकदा लिहिलं की त्याची दुसरी कॉपी काढायला जवळजवळ काही लागत नाही, दहा लाखावी काढायलाही नाही, म्हणून तर या कंपन्यांना एवढा भाव मिळतो. वीवर्कला दुप्पट लोक बसवायचे तर दुप्पट मजले भाड्याने घ्यावे लागणार, ॲप कितीही सुंदर असू दे. आमच्या कंपनीला दुप्पट पार्सलं पोचवायची तर जवळजवळ दुप्पट माणसं. झिलोचं पण तसंच झालं बघा. घरांच्या जाहिराती आणि अंदाजे किमती दाखवणारी वेबसाइट म्हणून ती मस्त चालली होती, प्रत्येक नवीन माणसाने साइट बघितली तर खर्च नगण्य. मग २०१८ पासून त्यांनी आपल्याच अंदाजांवर भरवसा ठेवून स्वतः घरं विकत घ्यायला सुरुवात केली, दुरुस्त करून विकायची म्हणून. आता प्रत्येक नवीन व्यवहाराला एक अख्खं घर स्वतःच्या पैशाने घ्यायचं. २०२१ च्या तिसऱ्या तिमाहीत त्या घरांच्या किमती हिशोबात ३० कोटी डॉलरहून जास्त कमी करून दाखवाव्या लागल्या, नोव्हेंबरमध्ये तो धंदा बंद करायचं ठरलं आणि जवळपास पाव कर्मचारी कमी करायचं जाहीर झालं. कंपनी तीच, इंजिनियर तेच, पण धंदा घरं खरेदीविक्रीचा झाला होता.

हे उत्तर मी वर्षभर वापरलं आणि मग एका मित्राने विचारलं, टीएसएमसीचं काय? आणि मी गप्प झाले. मॉरिस चँग यांनी १९८७ मध्ये तैवानमध्ये काढलेली ही कंपनी दुसऱ्यांनी डिझाइन केलेल्या चिप बनवून देते, ॲपलच्या, एनव्हिडियाच्या. तिथे दुप्पट चिप हव्या असतील तर नवीन कारखाना उभारावा लागतो आणि एकेका कारखान्याला अब्जावधी डॉलर लागतात. माझ्या मापाने ती वीवर्कच्या रांगेत जाऊन बसली असती, आणि हे तर कुणालाच पटणार नाही, मलाही नाही. एएसएमएलही तशीच, चिपवर सूक्ष्म आकृत्या उमटवणारी ईयूव्ही मशीन बनवणारी जगातली एकमेव कंपनी, बसएवढं मशीन, कितीतरी पेट्यांतून पाठवायचं, वर्षाला मोजकीच बनतात. कॉपी काढणं फुकट वगैरे तिथे काहीच नाही. तरी टेक्नॉलॉजीची कंपनी म्हटलं की मी सगळ्यात आधी तिचं नाव घेईन.

म्हणजे गुणाकार स्वस्त असणं हा फक्त सॉफ्टवेअरचा गुण आहे आणि मी त्यालाच टेक्नॉलॉजी समजून बसले होते.

आता माझं तिसरं उत्तर, आणि यावर मी सध्या ठाम आहे. प्रत्येक धंद्यात एक जागा असते जिथे घोडं पेंड खातं. बाकीचं सगळं पैसे टाकून, माणसं लावून जमतं, ती एक गोष्ट जमत नाही. ती जमवून दाखवतो तोच त्या धंद्यात टिकतो आणि गिऱ्हाईक शेवटी त्याचेच पैसे देत असतं. ती अडलेली जागा जर टेक्नॉलॉजीची असेल, म्हणजे हे करायचं कसं हेच मुळात फार थोड्यांना माहीत असेल, तर ती टेक कंपनी. ती जागा दुसरीकडे असेल, माणसं मिळवण्यात, जागा मिळवण्यात, परवान्यात, भांडवलात, तर कंपनीत हजार इंजिनियर असले तरी ती टेक्नॉलॉजी वापरणारी कंपनी आहे.

हे तपासायला मी मनातल्या मनात एक खेळ खेळते. समजा उद्या एखाद्या प्रतिस्पर्ध्याला हवा तेवढा पैसा दिला, तर त्याला काय जमणार नाही? वीवर्कच्या बाबतीत सगळंच जमेल, इमारती भाड्याने मिळतात. टीएसएमसीच्या बाबतीत पैसा ओतूनही अडतं, इंटेलसारखी आयुष्य चिप बनवण्यात घालवलेली कंपनी पैसा, माणसं, अनुभव सगळं असून १० नॅनोमीटर नावाच्या, आधीपेक्षा बारीक चिप बनवायच्या टप्प्यावर कितीतरी वर्षं अडकून पडली होती. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये बिंग हे आपलं सर्च इंजिन आणलं, पैशाची कमी नव्हती, तरी सर्चमध्ये गुगल आजही खूप पुढे. गुगलचं उत्पन्न मुख्यतः जाहिरातींतून येतं म्हणून ती जाहिरात कंपनी असं म्हणणारे भेटतात, पण माझ्या मते पैसे कुणाकडून घेतले यापेक्षा ते मिळवून देणारी गोष्ट कुठली हे बघायला हवं, आणि ती गोष्ट म्हणजे सर्च, तिथेच घोडं पेंड खातं. हां, सर्च लोकांच्या सवयीमुळे आणि ब्राउझरवाल्यांशी केलेल्या करारांमुळेही टिकलंय, ते मला मान्य आहे. फेसबुकच्या बाबतीत तर मी अजून दोन मनांत आहे, तिथे टेक्नॉलॉजीपेक्षा आपले सगळे ओळखीचे लोक तिथेच आहेत हीच गोष्ट दुसऱ्या कुणाला उभी करता येत नाहीये.

या उत्तराचा एक फायदा असा की टेक नसलेल्या कंपनीतून टेक कंपनी जन्माला येते ती घटना नीट दिसते. मला हा भाग फार आवडतो त्यामुळे जरा थांबते इथे.

लायन्स ही ब्रिटनमधली चहाच्या दुकानांची कंपनी होती, दोनशेच्या वर दुकानं, स्वतःची बेकरी. रोज हजारो छोटेछोटे व्यवहार आणि त्यांचा हिशोब ठेवायला कारकुनांची फौज. त्यांची दोन माणसं १९४७ मध्ये अमेरिकेला जाऊन नवीन निघालेल्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरांची माहिती घेऊन आली, आणि मग कंपनीने केंब्रिज विद्यापीठातल्या एडसॅक या कॉम्प्युटरच्या कामाला पैसे दिले, त्यावरून शिकून स्वतःचा कॉम्प्युटर बांधला. नाव लिओ. नोव्हेंबर १९५१ मध्ये बेकरीच्या मालाचा हिशोब त्यावर दर आठवड्याला व्हायला लागला आणि धंद्याच्या रोजच्या कामाला लागलेला तो जगातला पहिला कॉम्प्युटर. विचार करा, चहा आणि केक विकणाऱ्या कंपनीने! पण १९५१ मध्येही लायन्स चहाचीच कंपनी होती, कारण गिऱ्हाईक चहाचे पैसे देत होतं. दुसऱ्या कंपन्या आपल्या पगाराचे हिशोब करून द्या म्हणून दारात यायला लागल्या, त्यात फोर्डची ब्रिटनमधली कंपनी होती, तेव्हा चित्र बदललं. १९५४ मध्ये लिओ कॉम्प्युटर्स लिमिटेड वेगळी निघाली आणि ती मात्र शंभर टक्के टेक कंपनी.

असंच अमेरिकन एअरलाइन्सचं. पन्नासच्या दशकात तिकिटाचं बुकिंग म्हणजे एका गोल फिरणाऱ्या कपाटाभोवती बसलेली माणसं आणि त्यातली कार्डं, एका बुकिंगला सरासरी ९० मिनिटं लागायची. १९५३ मध्ये कंपनीचे प्रमुख सी. आर. स्मिथ एका विमानात आयबीएमच्या ब्लेअर स्मिथ नावाच्या विक्री प्रतिनिधीच्या शेजारी बसले, आडनाव एकच म्हणून गप्पा सुरू झाल्या, आणि त्यातून पुढे सेबर नावाची बुकिंगची सिस्टिम उभी राहिली, १९६४ पर्यंत ती पूर्ण चालू झाली. त्या काळातलं व्यापारी वापरातलं हे सगळ्यात मोठं कॉम्प्युटर नेटवर्क असेल किंवा त्याच्या जवळपास. तरी विमान कंपनी विमान कंपनीच राहिली. १९७६ पासून ट्रॅव्हल एजंटांच्या टेबलावर सेबरचे टर्मिनल जायला लागले, बाहेरचे लोक त्या सिस्टिमसाठी पैसे द्यायला लागले, आणि २००० मध्ये सेबर पूर्णपणे वेगळी झाली. ॲमेझॉनने २००६ मध्ये एडब्ल्यूएस, म्हणजे आपले सर्व्हर दुसऱ्या कंपन्यांना भाड्याने द्यायची सेवा, सुरू केली तेव्हा घडलं ते याच जातीचं, स्वतःच्या पोटदुखीवर बनवलेलं औषध दुसऱ्यांना विकायला काढलं. २०२२ चे आकडे बघा, ॲमेझॉनची एकूण विक्री ५१४ अब्ज डॉलर, त्यात एडब्ल्यूएस फक्त ८० अब्ज, पण एडब्ल्यूएसचा ऑपरेटिंग नफा, म्हणजे व्याज आणि कर धरायच्या आधीचा, २२.८ अब्ज आणि अख्ख्या कंपनीचा मिळून १२.२ अब्ज. म्हणजे एडब्ल्यूएस बाजूला काढलं तर उरलेली कंपनी त्या वर्षी तोट्यात होती. एका पाटीखाली दोन वेगवेगळे धंदे राहतात, आणि ॲमेझॉन टेक कंपनी आहे का असं विचारलं की मी आधी विचारते, कुठली ॲमेझॉन?

उलटा प्रवासही होतो. घोडं जिथे पेंड खात होतं ती वाट हळूहळू सगळ्यांच्या पायाखालची होते. तारा पाठवणं एकेकाळी जगातली सगळ्यात पुढची टेक्नॉलॉजी होती आणि १८५१ ची वेस्टर्न युनियन म्हणजे तिच्या काळातली गुगलच. जानेवारी २००६ मध्ये तिने तार सेवा बंद केली आणि आज ती पैसे पाठवायची कंपनी म्हणून ओळखली जाते. वेबसाइट असणं हे १९९८ मध्ये मोठं काम होतं, आज कुणाला सांगितलं की आमची वेबसाइट आहे म्हणून आम्ही टेक कंपनी, तर कुणी ऐकूनही घेणार नाही. म्हणून मी टेक कंपनी या शब्दाच्या मागे नेहमी कधीची असा प्रश्न जोडते.

आता ज्या कारणासाठी मला हा सगळा विषय मनाला लागतो तिकडे येते. टेक कंपनीची पाटी फक्त शेअरचा भाव वाढवायला वापरत नाहीत, जबाबदारी झटकायलाही वापरतात. आम्ही टॅक्सी चालवत नाही, आम्ही फक्त ॲप देतो. आम्ही कुणाला कामावर ठेवलेलं नाही, आम्ही फक्त जोडून देतो. हे वाक्य कोर्टात उभं राहिलं तेव्हा काय झालं ते वाचण्यासारखं आहे. ११ मार्च २०१५ ला सॅन फ्रान्सिस्कोतल्या फेडरल कोर्टात न्यायाधीश एडवर्ड चेन यांनी उबरचं म्हणणं मान्य केलं नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की उबर नुसतं सॉफ्टवेअर विकत नाही, प्रवास विकते, आणि टॅक्सी पाठवायला वायरलेस वापरला म्हणून यलो कॅब टेक कंपनी होत नाही, गवत कापायची मशीन बनवताना रोबो वापरले म्हणून जॉन डीअर होत नाही, उसाला आधुनिक पद्धतीने पाणी दिलं म्हणून साखर कंपनी होत नाही. इतक्या साध्या शब्दांत इतकं नेमकं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

युरोपियन युनियनच्या न्यायालयाने २० डिसेंबर २०१७ ला उबर ही वाहतूक सेवा आहे असा निकाल दिला. आणि जवळजवळ बरोबर दोन वर्षांनी, १९ डिसेंबर २०१९ ला, त्याच न्यायालयाने एअरबीएनबी ही इंटरनेटवरची माहिती सेवा आहे, घरांची दलाल नाही असं सांगितलं. दोन्ही ॲप, दोन्ही जोडून देणार, मग निकाल उलटे का? कारण उबर भाडं ठरवते, गाडी आणि ड्रायव्हर कसा हवा ते ठरवते, आणि ॲप नसेल तर ते ड्रायव्हर ही सेवा देऊच शकत नाहीत. एअरबीएनबीवर घराचा मालक भाडं स्वतः ठरवतो आणि एअरबीएनबी नसली तरी घर भाड्याने द्यायचे दहा मार्ग आहेत. म्हणजे कोर्टाने कोड किती भारी आहे ते बघितलंच नाही, कामाची सूत्रं कुणाच्या हातात आहेत ते बघितलं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ ला उबरचे ड्रायव्हर कंपनीचे कामगार आहेत असं एकमताने सांगितलं, किमान वेतन आणि पगारी रजेचा हक्क त्यातून आला.

हे वाचताना मला तो हिरवागार डॅशबोर्ड आठवतो. ज्या मुलांच्या न येण्याने आमचा सगळा धंदा थांबला ती मुलं त्या पहिल्या स्लाइडवर कुठेच नव्हती. त्यांचे दर कमी करायचा निर्णय झाला तेव्हा टेक्नॉलॉजीत गुंतवणूक वाढवतोय असं कारण दिलं गेलं होतं, आणि त्या गुंतवणुकीतला एक वाटा माझा पगार होता. मी तेव्हा काही बोलले नाही, बोलायला हवं होतं असं आज वाटतं.

हल्ली एआयमुळे हा प्रश्न नव्याने आलाय. दुसऱ्या कुणाचं तरी मॉडेल घ्यायचं, वर आपला एक पडदा लावायचा आणि एआय कंपनी म्हणायचं. मी त्यांना सरसकट नाकारत नाही. घोड्याचीच गोष्ट लावून बघते, मॉडेल बनवणं अवघड आहे पण ते त्यांनी केलेलं नाही, मग त्यांनी कुठली अवघड गोष्ट केली? काही जणांकडे उत्तर असतं, एखाद्या क्षेत्रातली माहिती गोळा करून, तपासून, चूक कुठे होते ते ओळखायची पद्धत बसवलेली असते आणि ते खरंच कष्टाचं टेक्निकल काम असतं. ज्यांच्याकडे उत्तर नसतं त्यांचा धंदा मॉडेलवाल्यांनी एक नवीन बटण टाकलं की संपतो.

गेल्या वर्षी मी नोकरी बदलायला निघाले तेव्हा प्रत्येक इंटरव्ह्यूच्या शेवटी, तुम्हाला काही विचारायचंय का म्हटलं की एकच प्रश्न विचारायचे, गेल्या वर्षभरात तुमची झोप सगळ्यात जास्त कशाने उडाली? एका ठिकाणी, जिथे रिसेप्शनच्या मागच्या भिंतीवरच टेक्नॉलॉजी हा शब्द लावला होता, उत्तर मिळालं की माणसं टिकत नाहीत आणि नवीन ठिकाणी परवाने मिळायला वेळ लागतो. प्रामाणिक उत्तर होतं, मला आवडलं, पण ते काम माझं नाही. दुसरी कंपनी मोठ्या यंत्रांमधले बेअरिंग खराब व्हायच्या आधी आवाजावरून ओळखणारे सेन्सर बनवते, वीसएक माणसं, नावात टेक नाही, वेबसाइटही साधीच. तिथल्या बाई माझा प्रश्न ऐकून एक मिनिट गप्प बसल्या, मग उठून फळ्याकडे गेल्या आणि शेजारच्या यंत्राचा आवाज मिसळला की त्यांचा अंदाज कसा चुकतो, आतापर्यंत काय काय करून बघितलं, काय फसलं, हे काढून दाखवायला लागल्या. इंटरव्ह्यूची वेळ संपून अर्धा तास झाला होता आणि मी पण खडू हातात घेऊन उभी होते. येत्या महिन्यात मला तिथे एक वर्ष होईल. तो आवाज अजून पूर्ण वेगळा करता आलेला नाही.